वर गेलेला हात

सिस्टर सुलक्षणांनी ओली साडी दोरीवर टाकायला उजवा हात वर केला, आणि खाली मैदानात सगळी शाळा गप्प झाली.

गप्प झाली म्हणजे नुसती कुजबुज थांबली असं नाही. पुढच्या रांगेतल्या चिमुरड्यांपासून मागं भिंतीला टेकणाऱ्या दहावीच्या घोडमुलींपर्यंत सगळ्यांचे उजवे हात वर गेले, तोंडं मिटली, आणि माना वळून कॉन्व्हेंटच्या वरच्या गॅलरीकडं लागल्या. ओट्यावर साधना माइक हातात घेऊन उभी होती. मुख्याध्यापिका म्हणून तिचा पहिला दिवस, पहिली प्रार्थनासभा, पहिलंच वाक्य. "आपल्या शाळेत यापुढे" एवढं तिचं म्हणून झालं होतं. यापुढे काय, ते तसंच लोंबकळत राहिलं. लाउडस्पीकरमधून नुसता वारा फरफरायला लागला. सिस्टरांच्या बोटांत कपड्यांचा चिमटा, साडीचं जानेवारीतलं गार पाणी मनगटावरून कोपराकडं ओघळतंय, आणि हात खाली घ्यावा एवढी साधी गोष्ट त्यांना सुचेना. ओट्याकडं बघायचा धीर झाला नाही. हातांच्या त्या रानाकडंच त्या बघत राहिल्या. शेवटी साडीच घसरून त्यांच्या डोक्यावर आली, म्हणून सुटका झाली. त्या बदामी ओल्या अंधारात त्या कठड्याआड खाली बसल्या. म्हणजे दोन्ही गुडघे बदललेली सत्तरीची बाई जेवढ्या झटकन बसू शकते तेवढ्या झटकन, पालथ्या बादलीवर. चोरी करताना सापडलेल्या माणसाला निदान आपण काय चोरलं ते माहीत असतं.

ही खूण त्यांचीच. त्या इथं बदलून आल्या तेव्हा शाळेत छड्या होत्या, शिट्ट्या होत्या, आणि टेबलावर डस्टर आपटून खडूचा धुरळा उडवणाऱ्या बाई होत्या. सिस्टरांनी ते सगळं बंद केलं आणि सांगितलं, मी हात वर करीन, जिला दिसेल तिनं हात वर करायचा आणि तोंड मिटायचं. पहिले काही महिने सिस्टर हात वर करून उभ्या राहायच्या आणि मुली खुशाल बोलत राहायच्या. बाकीच्या बाई पदराआड हसायच्या. दंड भरून यायचा. सिस्टर उभ्याच. ओरडणं त्यांना जमलं नसतं असं नाही. पण ओरडून मिळालेली शांतता घशाएवढीच टिकते, असं त्यांचं मत होतं, आणि मत झालं की त्या सहसा खाली बसत नसत. हळूहळू जमलं. इतकं जमलं की खूण शाळेबाहेर पडली. शेजारच्या रिहे गावातल्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी बँडवाले थांबेनात, तेव्हा मांडवातल्या जेवढ्या म्हणून सासुरवाशिणी आणि माहेरवाशिणी या शाळेतून गेल्या होत्या तेवढ्या सगळ्यांनी एकदम हात वर केले, आणि क्लॅरिनेटवाला घाबरून थांबला. उरवड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर झालेली मुलगी शिफ्ट बदलताना असंच करते म्हणे. हे किस्से ऐकताना सिस्टर 'कशाला उगीच' असा चेहरा करायच्या आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. गर्व हे पाप आहे हे त्यांनी नव्या सिस्टरांना कितीदा शिकवलं होतं. पण शाळेचा गर्व त्यात धरायचा की नाही, हे त्यांनी कुणा फादरांना कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, ही भीती.

बादलीवर बसून त्या ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळानं साधनाचा आवाज आला, पण तुटलेल्या वाक्याचं टोक तिनं पुन्हा उचललं नाही. गणवेशाचं काहीतरी बोलली, पाण्याच्या टाकीपाशी गर्दी करू नका म्हणाली, आणि मुलींना वर्गात सोडून दिलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक. आपल्या शाळेत यापुढे काय? सिस्टरांच्या डोक्यात ते 'यापुढे' दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखं दिवसभर राहिलं. यापुढे मराठी माध्यम बंद? हिंजवडीच्या बाजूनं नव्या इमारती डोंगर ओलांडायला निघाल्यापासून पालक तेवढंच मागत होते. यापुढे हात वर करायची पद्धत बंद? जीभ फिरवून फिरवून त्या शेंगदाणा शोधत राहिल्या. खरं तर दोष कुणाचा, तर वेळेचा. इतक्या वर्षांत प्रार्थनेच्या वेळी त्या गॅलरीत कधी आल्याच नव्हत्या. त्या वेळी त्या ओट्यावर असायच्या आणि त्यांच्या साड्या स्वैपाकाच्या सगुणाबाई वाळत घालायच्या. आज मिस्सा, म्हणजे चॅपलमधली सकाळची उपासना, झाली, चहा झाला, आणि पुढं दिवस नुसता पसरलेला दिसला, कापणीनंतरच्या भातखाचरासारखा; तेव्हा काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बादली उचलली. कामाला लागलं की विचार येत नाहीत, हा त्यांचा आयुष्यभराचा उपाय. आज उपायच अंगावर ओला होऊन पडला.

आणि विचार तर करायचाच होता. आदल्या संध्याकाळी, जपमाळ संपता संपता, पुण्याहून प्रोव्हिन्शियलांचा फोन आला होता. प्रोव्हिन्शियल म्हणजे त्यांच्या संघाच्या या प्रांतातल्या सगळ्यांत वरच्या सिस्टर. कुणी कुठं जायचं, कुणी काय सांभाळायचं, ते त्या सांगतात. वयानं सिस्टर सुलक्षणांच्या बऱ्याच धाकट्या. गोड बोलतात. शाळा साधनाकडं द्यायचं त्यांनीच ठरवलं. मुख्याध्यापिका व्हायला संघात आता सिस्टरच उरल्या नव्हत्या, मुली येतच नाहीत मठात, आणि साधनाचं नाव विचारलं तेव्हा सिस्टर सुलक्षणांनीच आधी मान हलवली होती. ते झालं. फोनवर प्रोव्हिन्शियल म्हणाल्या, "सिस्टर, इथं पुण्यात आपलं वयस्क सिस्टरांचं घर आहे, बागेकडची खोली रिकामी आहे. नाहीतर तिथंच राहा, सिस्टर रेश्मांना सोबत होईल. दोन्ही चालेल. तुम्हाला काय हवंय?"

सिस्टरांना वाटलं, फोन कट झाला. मग लक्षात आलं की आपणच बोलत नाही आहोत. दोन दिवसांत कळवते, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. दोन्ही चालेल, असं त्यांना उभ्या हयातीत कुणी म्हटलं नव्हतं. पत्र यायचं, त्यात गावाचं नाव असायचं, आणि एका ट्रंकेत मावेल तेवढं आयुष्य घेऊन निघायचं. आपल्याकडं रीतच तशी, मिस्सा झाली की मुली यायच्या आत निघायचं. निरोपसमारंभ नाही, रडारड नाही, आणि गेल्यावर मागं वळून पत्र लिहायचं नाही की माझ्या गुलाबांना पाणी घालताय ना. आज्ञाधारकतेचं व्रत. पुढं त्या स्वतः कॉन्व्हेंटच्या प्रमुख, म्हणजे सुपीरियर, झाल्या, तेव्हा एक कोवळी सिस्टर बदलीचं पत्र हातात धरून त्यांच्यासमोर रडली होती. तिला त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि सांगितलं, आपल्याला काय हवंय ते विचारायला आपण इथं आलो नाही. त्या वाक्याचा तेव्हा त्यांना किती आधार वाटला होता. कालपासून मात्र ते वाक्य उलटं होऊन त्यांच्याचकडं बघत होतं. काय हवंय? बटाटा की वांगं हेसुद्धा त्यांना कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, जे असेल ते. लोकांना तो साधेपणा वाटायचा. साधेपणा होता की सोय होती?

हा प्रश्न याआधी एकदाच कुणीतरी विचारला होता. राहात्याकडच्या त्यांच्या गावात, उसाच्या पाचटीनं शाकारलेल्या घरात, आईनं. वडील मिशनमध्ये धर्मशिक्षण द्यायचे, गाव त्यांना मास्तर म्हणायचं. फादरांनी मास्तरांना सांगितलं होतं की तुमच्या थोरलीला देवाची हाक आहे, आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. निघायच्या सकाळी आई भाकरी थापत होती. मागं न बघता तिनं विचारलं, "तुला जायाचंय का?" सुलक्षणा म्हणाली, "फादर म्हणतात, देवाचं बोलावणं आहे." आई म्हणाली, "फादरांचं आईकलं म्या. तुझं इचारते." बाजरीचा खरपूस वास, चुलीचा धूर डोळ्यांत, बाहेर बैलगाडी जुंपलेली. उत्तर द्यायचं राहून गेलं. आईनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली. दुपारी स्टँडवर ती सोडताना सुलक्षणाचं नख मोडलं होतं. नंतर आयुष्य वाईट गेलं असं मुळीच नाही. मुली आवडल्या, गणित शिकवणं आवडलं, पहाटेचं चॅपल आवडलं, माणसांना कामाला लावणं तर भलतंच आवडलं. पण जे मिळालं ते आवडून घेतलं, की जे आवडलं तेच मिळालं, हे वेगळं काढून बघायची वेळच आली नाही. आई गेली तेव्हाही सिस्टर वार्षिक परीक्षेच्या कामात होत्या.

दुपारी जेवायला त्या आणि सिस्टर रेश्मा दोघीच. एके काळी त्या टेबलाभोवती खुर्च्या पुरत नसत. सिस्टर रेश्मा झारखंडच्या, चाळिशीच्या आतल्या, वसतिगृह सांभाळायच्या. नव्या वर्षापासून त्यांना कॉन्व्हेंटची सुपीरियर केलं होतं, आणि त्या अजून नव्या चपलेसारख्या त्या पदात अवघडून चालत होत्या. टेबलाच्या टोकाची खुर्ची सुपीरियरची. सिस्टर सुलक्षणा आज आठवणीनं बाजूच्या खुर्चीवर बसल्या. भात, वालाचं बिरडं, वाटीत ताक. जेवणाआधीची प्रार्थना सुपीरियरनं सुरू करायची असते. सिस्टर सुलक्षणा हात जोडून, डोळे मिटून वाट बघत राहिल्या. सकाळची चूक पुन्हा करायची नव्हती. काहीच होईना. त्यांनी एक डोळा किलकिला केला, तर टोकाला सिस्टर रेश्माही हात जोडून, एक डोळा किलकिला करून त्यांच्याकडं बघत होत्या, नेहमीच्या सवयीनं, की आता या सुरू करतील. दोघींनी घाईनं डोळे मिटले. दोघीही चांगल्या वळणाच्या. दोघीही दुसरीचा मान राखत होत्या. आणि मधल्या मध्ये भातावरची वाफ निघून गेली.

सगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या रिह्याच्या; इतकी वर्षं इथं स्वैपाक केला, पण देवाला त्या अजून आपल्याच पद्धतीनं बोलायच्या. त्यांनी विचारलं, आज लई मोठी प्रार्थना हाय का, का कुनी पाव्हणं यायचं हाय? सिस्टर रेश्मांनी लाजून एका दमात प्रार्थना म्हणून टाकली, निम्मी हिंदीत. सगुणाबाईंनी भात पुन्हा वाढता वाढता सकाळचा विषय काढलाच. साऱ्या वाडीवस्तीत तो पोचला असणार. म्हणाल्या, "शिस्टरबाई, खिडकीतनं तुमचा हात दिसला आन मी बी हात वर केला. हातात लाटनं व्हतं. चपाती जळून कोळसा झाली, पर हात काय खाली येईना." सिस्टर रेश्मा फिस्सकन हसल्या आणि सुपीरियरनं हसावं की नाही या विचारानं थांबल्या. सिस्टर सुलक्षणाही हसल्या. मग ताकाची वाटी तोंडाला लावली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली.

दुपारभर त्या चॅपलमधल्या मागच्या बाकावर बसल्या. तिथून शाळा दिसत नाही, पण ऐकू येते. पाढे म्हणायचा आवाज आला की दुसरी. बाक सरकवल्याचा आवाज आला की सहावीला चित्रकला. आणि मधेच एकदम शांतता पडली की आठवीला गणित. आठवीतच होती साधना. रिह्याच्या जयसिंगची मुलगी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, बोटांना भाताच्या पेंढ्यानं कापल्याच्या खुणा. वहीत सगळी गणितं बरोबर आणि तोंडातून शब्द नाही. कधी हात वर करून एक प्रश्न नाही, एक उत्तर नाही. सिस्टरांनी तिला दमात घेतलं नाही. नुसतं सगळ्या वर्गाला सांगितलं, हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, आणि एकदा हात वर केला की गप्प बसायचं नाही. त्या वर्गात त्या रोज थांबायच्या. फळ्यापाशी, खडू घेऊन, कुणाकडंही रोखून न बघता. थांबणं हे शिकवण्यातलं सगळ्यांत अवघड काम. तोंडात आलेलं उत्तर गिळून उभं राहायचं, आणि पोरगी बोलेलच अशी खात्री असल्यासारखा चेहरा ठेवायचा. पावसाळा गेला, सहामाही झाली. मग एका दुपारी मागच्या बाकावरून एक हात उठला, धड वर नाही, कानापर्यंतच. "सिस्टर, चुकलंय." काय चुकलंय? "तुमचं. तिसऱ्या ओळीत." सिस्टरांनी फळा बघितला. उणे चिन्ह खाली उतरवायचं राहिलं होतं. त्यांनी ते दुरुस्त केलं, आणि खडूचे हात झटकून म्हणाल्या, गणित बरोबर आहे, साधना. त्या दिवशी कॉन्व्हेंटकडं परतताना त्यांना जे वाटलं होतं ते शेवटची व्रतं घेतल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. हेही फादरांना सांगायचं राहिलंच.

संध्याकाळी साधना आली. शाळा सुटून बराच वेळ झाला होता, उन्हं डोंगराच्या खांद्यावर आली होती आणि खालच्या वस्तीतून शेकोट्यांचा धूर वर यायला लागला होता. पाहुण्यांच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली. स्कूटरवरून येऊन केस विस्कटलेले, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. पस्तिशी ओलांडलेली, नवरा हिंजवडीत नोकरीला, सासर-माहेर दोन्हीकडं वजन असलेली बाई. पण या खोलीत आली की तिच्या वेण्या पुन्हा उगवायच्या. सिस्टर सकाळबद्दल माफी मागायला लागल्या. साडीचं सांगितलं, गुडघ्यांचं, बादलीचं. साधना ऐकत होती की नव्हती कोण जाणे. मग तिचा उजवा हात पट्ट्यावरून सुटला आणि मांडीवरून जरासा उचलला गेला, कानापर्यंतसुद्धा नाही.

"सिस्टर, एक सांगू?"

"सांग."

"रेश्मा सिस्टर म्हणाल्या, राहायचं का जायचं ते तुमच्यावर सोडलंय. मी काल रात्रीच ठरवलं होतं, हक्कानं सांगणार होते तुम्हाला, कुठं जायचं नाही म्हणून." तिनं पिशवीचा पट्टा पुन्हा धरला. "आज सकाळपासनं तसं म्हणवंना."

तोंडात आलेलं गिळून सिस्टर थांबल्या. तेवढं कसब अजून होतं.

"तुम्ही वर गॅलरीत असल्या, तर मुली माझ्याकडं बघणार नाहीत. त्यांचं सोडा. मीच बघणार न्हाई त्यांच्याकडं. माझं ध्यान वरच राहणार, सिस्टर काय म्हणतील, सिस्टर बघतायत का." तिचं शहरातलं मराठी सुटत चाललं होतं. "तुमी काही बोलणार न्हाई, मला म्हायतीय. तुमी नुसत्या असनार. तेच लई होतंय."

"सकाळी तूसुद्धा हात वर केलास?" सिस्टरांनी विचारलं. विचारेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं की आपण हे विचारणार आहोत.

साधनानं मान खाली घातली. "केला. माइक होता त्या हातात."

म्हणजे लाउडस्पीकरमधून फरफरत होता तो वारा तिच्या डोक्याच्या वरचा होता. सिस्टरांच्या डोळ्यांसमोर ते आत्ता उभं राहिलं: ओट्यावर मुख्याध्यापिका, माइक आभाळाकडं, तोंड मिटलेलं. ते त्यांना दुखलं, आणि त्या दुखण्याला लागूनच, अगदी एका भिंतीला लागून, आनंद होता. एवढी स्पष्ट चूक त्यांना दाखवायला संघात कुणी धजावलं नसतं. या पोरीला त्यांनीच शिकवलं होतं, हात वर केला की गप्प बसायचं नाही. आता ती बसली नाही, तर रडायचं कुणाच्या नावानं?

"गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. साधनाला आठवलं की नाही ते कळलं नाही, कारण ती एकाएकी रडायला लागली, आणि सिस्टरांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि या वेळी कुठलंही वाक्य ऐकवलं नाही. यापुढे काय, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. तेही विचारलं नाही.

ती गेल्यावर त्या पेरूच्या झाडाखालच्या दगडावर बसल्या. पुण्याला जायचं, हे उघड होतं. साधनाला मोकळं मैदान द्यायचं तर दुसरा रस्ता नव्हता. झालं तर मग. पण कालपासून विचारलेला प्रश्न तो नव्हताच. काय करावं, हे त्यांना नेहमीच पटकन कळायचं. काय हवंय? त्यांनी पहिल्यांदाच तो प्रश्न नीट हातात घेतला, फळ्यापाशी उभ्या राहायच्या तशा त्याच्यासमोर थांबल्या, आणि कुणावर नजर न रोखता वाट बघितली. आधी काहीच आलं नाही. मग मागच्या बाकावरून एकेक यायला लागलं. इंद्रायणी भात शिजताना सगळ्या वस्तीवर पसरणारा वास. दाट धुक्यात आधी नुसते आवाज आणि मग मुली, अशी भरणारी शाळा. सगुणाबाईंनी टोमण्यांसकट वाढलेली भाजी. पायऱ्यांवरची ती एक फरशी, जी पाऊल पडलं की डुगडुगते आणि जी दुरुस्त करू नका असं त्यांनी गवंड्याला मुद्दाम सांगितलं होतं, कारण तिच्या आवाजावरून कोण आलं ते कळायचं. चॅपलच्या मागच्या चढावरून दिसणारी रिह्याकडची खाचरं. इथल्याच मातीत, इथंच पुरलेल्या जुन्या दोन सिस्टरांच्या शेजारी, आपली जागा. हे सगळं हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांना दगडावर हात टेकावा लागला. इतकी वर्षं हे आत बसून होतं, हात वर न करता. आणि मग दुसरं काहीतरी लक्षात आलं, त्यानं त्या जास्त हादरल्या. आत्तापर्यंत देवाला त्यांनी जी काही गावं सोडून दिली, शाळा सोडून दिल्या, माणसं सोडून दिली, त्यांतलं काही त्यांनी कधी मुठीत धरलंच नव्हतं. उघड्या हातावरचं दिलं. आज पहिल्यांदा मूठ वळली होती, म्हणजे खरं देण्यासारखं काहीतरी आज पहिल्यांदाच हातात होतं.

कॉन्व्हेंटचा फोन सुपीरियरच्या खोलीत. मुख्याध्यापिकेचा मोबाइल साधनाकडं गेला होता. सिस्टर सुलक्षणा दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, पुण्याला फोन करायचाय, परवानगी आहे का? सिस्टर रेश्मा खुर्चीवरून उठल्याच. त्यांच्याकडं मागितलेली ही पहिली परवानगी. "करा ना. म्हणजे... हो. परवानगी आहे," त्या म्हणाल्या, आणि खोलीबाहेर जावं की थांबावं ते न कळून कपाटातली पुस्तकं सरळ करायला लागल्या.

प्रोव्हिन्शियलांनी लगेच फोन उचलला. सिस्टर सुलक्षणा म्हणाल्या, "मला इथंच राहायचंय. शेवटपर्यंत." पलीकडून आनंदानं, मग राहा ना, असं काहीतरी सुरू झालं. त्यांनी सवयीनं हात वर केला, फोनमध्ये दिसत नाही हे विसरून. कपाटापाशी सिस्टर रेश्मा मात्र तेवढ्यानं स्तब्ध झाल्या. "थांबा. मला काय हवंय ते तुम्ही विचारलं होतं, ते सांगितलं. लिहून ठेवू नका, नुसतं कुणीतरी ऐकायला हवं होतं. आता बागेकडची खोली झाडून ठेवा. मी येते."

मग प्रोव्हिन्शियलांनी विचारलं की सिस्टर, राहायचं असेल तर येता कशाला. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. सिस्टर म्हणाल्या, "आल्यावर सांगीन. गाडी उद्या मिस्सा झाल्या झाल्या पाठवा. मुली यायच्या आत निघते."

पण गाडी काही रीत पाळून आली नाही. ड्रायव्हर भैरू भूगावच्या गर्दीत अडकला, पिरंगुटला पुन्हा अडकला, आणि फाटकातून आत शिरला तेव्हा घंटा होऊन गेली होती. सगुणाबाईंनी ट्रंक उचलू दिली नाही, स्वतः डोक्यावर घेतली, डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसेच वाहू दिले. जेवणाचा डबा गाडीत ठेवला; फडक्याची गाठ चांगलीच घट्ट होती. सिस्टर रेश्मांनी सुपीरियर काढतात तसा त्यांच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. पायरीवरची ती फरशी डुगडुगली. सिस्टर गाडीत मागच्या सीटवर बसल्या.

फाटकाची वाट मैदानाच्या कडेनं जाते. दुसरी वाट नाही. मुली रांगांनी बसल्या होत्या, ओट्यावर साधना. गाडी हळू चालली होती. कडेच्या रांगेतल्या एकीनं काचेआड ओळखीचा चेहरा बघितला, मग शेजारणीला कोपरखळी, मग पाच-सहा हात खालच्या खाली हलायला लागले, निरोपाचे, लपवून. सिस्टरांचा उजवा हात मांडीवरून आपोआप सुटला. तेवढं करायला काय हरकत होती? कुणीही माणूस गाव सोडताना करतो ते. पण या मैदानावर त्यांचा हात हा हात राहिला नव्हता. त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं, पदराखाली ओढलं, आणि धरून ठेवलं. काचेकडं बघत नुसत्या हसल्या. मुलींना ते तुसडं वाटलं असेल.

"आपल्या शाळेत यापुढे," लाउडस्पीकर म्हणाला, आणि सिस्टरांची बोटं मनगटावर आवळली, "रोज प्रार्थना झाल्यावर एका मुलीनं मला एक प्रश्न विचारायचा. कसलाही. मला उत्तर येत नसेल तरी चालेल. आज कोण विचारणार?"

कुणीच नाही. ती शांतता सिस्टरांना पाठ होती. हात वर करून मिळवलेल्या शांततेहून ही वेगळी. हिच्यात प्रत्येकीच्या पोटात काहीतरी असतं आणि प्रत्येकीला दुसरीनं आधी उठायला हवं असतं. गाडी फाटकापाशी आली. भैरूनं रस्त्यावरचा टेम्पो जाऊ देण्यासाठी थांबवली. मागं लाउडस्पीकरमध्ये वारा फरफरत होता. आता ती घाबरणार, आता ती स्वतःच काहीतरी बोलून वेळ मारून नेणार, सिस्टरांना वाटलं. थांब, पोरी, थांब, बोलू नकोस. वारा फरफरतच राहिला. साधना थांबली होती. टेम्पो गेला. भैरूनं गिअर टाकला, गाडी रस्त्याला लागली, शाळेची भिंत मागं सरकायला लागली, मग पेरूचं झाड, मग नुसती करवंदीची जाळी. सिस्टरांनी वळून बघितलं नाही. तशी रीत नव्हती, आणि मानेला तेवढं वळताही येत नव्हतं.

वळणावर, अगदी ऐकू येईनासं होता होता, मागून साधनाचा आवाज आला. बारीक नव्हता.

"हं. बोल."